कामाच्या ठिकाणचा संवाद : बोलण्याचे आणि ऐकण्याचे प्रशिक्षण

देशातील मनुष्यबळाच्या कौशल्याचा प्रश्न गेल्या दोन दशकांत धोरणाच्या केंद्रस्थानी आला आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाची स्थापना, २००९ चे राष्ट्रीय कौशल्य विकास धोरण, २०१४ मध्ये स्थापन झालेले स्वतंत्र मंत्रालय आणि २०१५ पासून राबवली गेलेली प्रधानमंत्री कौशल विकास योजना, असा हा प्रवास आहे. यंत्रावरच्या कौशल्याच्या जोडीने ज्यांना 'सॉफ्ट स्किल्स' म्हटले जाते त्या गुणांनाही या काळात अभ्यासक्रमात स्थान मिळाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये २०१२ पासून रोजगारक्षमता कौशल्ये हा विषय शिकवला जाऊ लागला आणि २०२२ मध्ये त्याचे ३० ते १२० तासांचे अभ्यासघटक निश्चित करण्यात आले. संवादकौशल्य हा त्यांतील एक प्रमुख भाग आहे.

तथापि संवादकौशल्य म्हणजे काय, याविषयीची आपली समजूत एकांगी राहिली आहे. बहुतेक प्रशिक्षण वर्गांत या नावाखाली स्वतःची ओळख इंग्रजीतून करून देणे, मुलाखतीला सामोरे जाणे, दूरध्वनीवर सौजन्याने बोलणे यांचा सराव घेतला जातो. ऐकणे हा विषय एखाद्या पाठापुरता येतो आणि 'लक्षपूर्वक ऐकावे' अशा उपदेशावर संपतो. याचे कारण काही अंशी ऐतिहासिक असावे. या अभ्यासक्रमांचा साचा ज्या काळात घडला तो माहिती तंत्रज्ञान आणि कॉल सेंटर यांच्या भरभराटीचा काळ होता. नॅसकॉम आणि मॅकिन्सी यांच्या २००५ च्या अहवालाने आपले जेमतेम २५ टक्के अभियांत्रिकी पदवीधर या क्षेत्रात थेट नोकरीयोग्य असल्याचे म्हटले, आणि भाषेवरील प्रभुत्व हा उणिवांपैकी एक असल्याने 'संवाद म्हणजे अस्खलित बोलणे' हे समीकरण रूढ झाले. परदेशी ग्राहकाशी बोलणाऱ्या तरुणाला ते उपयुक्त होतेच. परंतु देशातील बहुसंख्य कामगारांचा कामावरचा संवाद ग्राहकाशी होत नाही; तो शेजारच्या सहकाऱ्याशी आणि पर्यवेक्षकाशी होतो.

माहिती खालून वर का पोहोचत नाही

हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून उत्पादनखर्चाचा आहे, हे समजण्यासाठी तयार कपड्यांच्या कारखान्यातील शिलाईच्या एका लाइनीचे उदाहरण पाहू. शर्ट शिवण्याचे काम कॉलर, कफ, बाही जोडणे, बाजूची शिवण अशा कित्येक टप्प्यांत विभागलेले असते. प्रत्येक टप्प्यावर एक ऑपरेटर बसते. कापलेल्या भागांचे गठ्ठे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. दर तासाला किती नग व्हायला हवेत याचा आकडा फळ्यावर लिहिलेला असतो आणि त्याचा जाब सुपरवायझरला द्यावा लागतो.

एखाद्या गठ्ठ्यातील कापडाच्या छटेत फरक आहे, यंत्राचा ताण बिघडला आहे किंवा मागच्या टप्प्यावर शिवण सरकते आहे, ही गोष्ट सर्वांत आधी कळते ती त्या टप्प्यावरच्या बाईला. तिने ती सांगितली नाही, तर दोष लाइनीच्या शेवटी तपासणीत सापडतो. तोपर्यंत शेकडो नग पुढे गेलेले असतात आणि ते उसवून पुन्हा शिवावे लागतात. तिने सांगितले पण सुपरवायझरने 'आधी तासाचा आकडा पूर्ण कर' म्हणून उडवून लावले, तरी परिणाम तोच. फरक इतकाच की पुढच्या वेळी ती सांगणार नाही. फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ मध्ये एका सुप्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते, की आर्थिक व्यवहाराला लागणारे ज्ञान एका जागी एकवटलेले नसते. विशिष्ट जागेचे आणि विशिष्ट क्षणाचे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते. त्यांचा रोख मध्यवर्ती नियोजनाकडे होता. पण कारखान्याच्या एका दालनातही हीच स्थिती असते, आणि तेथे किंमतयंत्रणा नसल्याने हे ज्ञान वर पोहोचण्याचा मार्ग बोलणे आणि ऐकणे हाच उरतो.

बंगळुरूचा प्रयोग

संवादाच्या प्रशिक्षणाने उत्पादकता वाढते, असा दावा प्रशिक्षण देणाऱ्या संस्था नेहमीच करतात. तो तपासून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. म्हणूनच बंगळुरूमधील एका मोठ्या निर्यातदार कंपनीच्या पाच कारखान्यांत झालेल्या प्रयोगाचे महत्त्व विशेष आहे. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महिला कामगारांसाठी सुमारे ८० तासांचा एक कार्यक्रम वर्षभरात थोडा थोडा करून राबवण्यात आला. संवाद, वेळेचे नियोजन, अडचणी सोडवणे, आर्थिक साक्षरता, आरोग्य असे त्याचे भाग होते. इच्छुक महिला जागांपेक्षा अधिक असल्याने निवड सोडतीने झाली. त्यामुळे प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या महिलांची तुलना निर्दोषपणे करता आली. एरवी अशा तुलनेत मुळातच हुशार आणि उत्साही व्यक्ती प्रशिक्षणाला जातात आणि यशाचे श्रेय प्रशिक्षणाला मिळते.

प्रशिक्षित महिलांची उत्पादकता इतरांच्या तुलनेत १३.५ टक्क्यांनी अधिक आढळली. त्यांचा मोकळेपणा आणि संवाद वाढला, आणि त्याबरोबर त्यांनी शिलाईची तांत्रिक कौशल्येही अधिक आत्मसात केली. हा शेवटचा भाग मला सर्वाधिक बोलका वाटतो. शिलाई शिकवणारा एकही तास या कार्यक्रमात नव्हता. माझ्या मते याचे स्पष्टीकरण साधे आहे : जिला विचारता येते आणि सांगितलेले नीट ऐकून घेता येते, ती शेजारणीकडून नवे काम शिकते. संवादकौशल्य हे अशा रीतीने दुसरी कौशल्ये मिळवण्याचे साधन बनते.

कार्यक्रम संपल्यानंतर आठ महिन्यांत कंपनीला मिळालेला निव्वळ परतावा २५६ टक्के होता. याच काळात प्रशिक्षित महिलांच्या वेतनात झालेली वाढ मात्र ०.५ टक्का इतकीच होती.

या दोन आकड्यांतील अंतर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला थांबवणारे आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एका विशिष्ट कारखान्यातच उपयोगी पडणारे प्रशिक्षण मालक देईल. पण कोठेही उपयोगी पडणाऱ्या सर्वसाधारण कौशल्याचा खर्च तो करणार नाही, कारण कामगार ते कौशल्य घेऊन अधिक वेतनाच्या जागी निघून जाईल. संवाद आणि श्रवण ही याच दुसऱ्या प्रकारातील कौशल्ये आहेत. मग बंगळुरूत प्रशिक्षित महिला सोडून का गेल्या नाहीत? सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणात प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यांत फरक आढळला नाही. याचा अर्थ, बाजाराला हे कौशल्य दिसत नाही. शिलाईचा वेग दुसऱ्या कारखान्याच्या दारात दहा मिनिटांत तपासता येतो. ऐकून घेण्याची आणि वेळेवर सांगण्याची क्षमता तपासता येत नाही. जे दिसत नाही त्याला भाव मिळत नाही आणि वाढलेल्या उत्पादनाचा जवळजवळ सारा लाभ मालकाकडे राहतो.

यातून धोरणासाठी दोन गोष्टी निघतात. एक, असे प्रशिक्षण कारखान्यांनी स्वतःच्या खर्चाने द्यावे एवढा लाभ त्यात आहे. त्यासाठी सरकारी अनुदानाची अपेक्षा धरणे योग्य नाही. दुसरी अधिक अवघड आहे. सार्वजनिक पैशातून दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र या कौशल्याची विश्वासार्ह साक्ष देऊ लागले, तरच त्याची किंमत कामगाराच्या वेतनात उतरेल. आज बहुतेक ठिकाणी ते उपस्थितीची साक्ष देते.

ऐकणाऱ्याचे प्रशिक्षण

वरील प्रयोगात शिकवले गेले ते कामगार महिलांना. परंतु ज्याने ऐकायचे तो सुपरवायझर वर्गाबाहेरच राहिला, तर बोलायला शिकलेल्या स्त्रीची अवस्था पूर्वीपेक्षा कठीण होऊ शकते. तयार कपड्यांच्या उद्योगात ऑपरेटर बहुतांशी स्त्रिया आणि सुपरवायझर बहुतांशी पुरुष असतात. अनेक सुपरवायझर हे उत्तम कारागीर म्हणून बढती मिळालेले असतात. माणसांकडून काम करून घेण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. आपल्यावर जसे ओरडले गेले तसे ते ओरडतात.

पर्यवेक्षकाने ऐकायला शिकावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार मात्र प्रश्न बाजूला सारून स्वतःला महत्त्वाचे वाटेल ते बोलत. तेव्हा मुलाखतकारांना प्रश्न न विचारता, मध्ये न बोलता, सल्ला न देता ऐकण्याचे शिक्षण देण्यात आले. पुढे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये 'सक्रिय श्रवण' ही संज्ञा उद्योगजगतात रूढ केली. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाचे राल्फ निकोल्स यांनी दाखवून दिले, की एखाद्याचे बोलणे संपताच सामान्य श्रोत्याला त्यातील निम्माच भाग आठवतो. बोलण्याची गती मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास असते आणि विचाराची गती त्याहून कितीतरी अधिक. त्या मोकळ्या वेळात मन इतरत्र भटकते, असे त्यांनी त्याचे कारण सांगितले.

भारतातही याची एक जुनी आणि काहीशी विस्मृत परंपरा आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवल्यानंतर उत्पादन अपेक्षेइतके येईना, तेव्हा लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये कामाची फेरमांडणी सुचवली. एकेका कामासाठी साऱ्या दालनभर फिरणाऱ्या कामगारांऐवजी मागांच्या ठरावीक संचासाठी छोटे गट करण्यात आले. गटांची रचना कामगारांनी बरीचशी स्वतःच केली. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. कोणालाही 'संवादकौशल्य' शिकवले गेले नव्हते. कोणी कोणाशी बोलायचे हे कामाच्या रचनेतच स्पष्ट झाले, एवढेच घडले. प्रशिक्षणाच्या उत्साहात ही बाब नजरेआड होऊ नये. दालनाची रचनाच संवादाला प्रतिकूल असेल तर वर्गातल्या तासांचा उपयोग मर्यादित राहतो.

ऐकण्याचा एक गैरवापरही संभवतो. हॉथॉर्नच्या कारखान्यात १९३६ पासून समुपदेशक नेमण्यात आले. त्यांनी कामगारांचे सारे ऐकावे, परंतु त्यावर कोणतीही कारवाई करू नये, अशी योजना होती. ती पुढे बंद पडली. कामगार संघटनांच्या बाजूने तिच्यावर झालेली टीका, की हे असंतोषाची वाफ सोडून देण्याचे साधन आहे, मला बऱ्याच अंशी रास्त वाटते. तरीही नुसत्या विचारण्याचा परिणाम कमी लेखता येत नाही. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले होते, की असमाधानी माणसापुढे निघून जाणे आणि आवाज उठवणे हे दोन पर्याय असतात. आवाजाला वाव मिळाला तर निघून जाणे कमी होते. भारतातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत याची चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वेतनवाढ अपेक्षेपेक्षा कमी निघाल्यानंतर सोडतीने निवडलेल्या काही कामगारांना नाव उघड न करता कामाची स्थिती, सुपरवायझर आणि समाधान याविषयी मत देण्यास सांगितले गेले. त्यांच्यातील नोकरी सोडण्याचे आणि गैरहजर राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले, आणि सर्वाधिक निराश झालेल्यांत हा परिणाम अधिक दिसला. एका प्रश्नावलीचा हा परिणाम आहे. प्रश्नावलीनंतर काहीच बदलले नाही, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तो टिकेल असे समजण्याचे कारण नाही.

ऐकले की नाही, हे तपासायचे कसे?

श्रवणाचे मापन होऊ शकत नाही, असे म्हणून हा विषय टाळला जातो. प्रत्यक्षात ज्या व्यवसायांत चुकीच्या ऐकण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते तेथे ते कधीच होऊ लागले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान त्याला नेमून दिलेल्या १५ हजार फुटांच्या उंचीखाली उतरले होते. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत, कर्मचाऱ्यांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे नियंत्रकाच्या सूचनांचा चुकीचा अर्थ लावला गेला असावा, ही बाब पुढे आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रकांसाठी भाषेचे जे निकष स्वीकारले, त्यामागे अशा अपघातांचा अनुभव होता.

त्या निकषांची रचना आपल्या कौशल्य परीक्षांसाठी अभ्यासण्याजोगी आहे. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्परप्रतिसाद असे सहा भाग स्वतंत्रपणे तपासले जातात आणि त्यांपैकी ज्यात सर्वांत कमी श्रेणी मिळेल, तीच उमेदवाराची अंतिम श्रेणी ठरते. म्हणजे ओघवते बोलणारा परंतु ऐकलेले न समजणारा उमेदवार उत्तीर्ण होऊच शकत नाही. शिवाय प्रत्यक्ष कामात, मिळालेली सूचना वैमानिकाने नियंत्रकाला परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती बरोबर आहे का हे ऐकायचे, असा दंडक आहे. ऐकणे हे अशा रीतीने सद्गुण न राहता कार्यपद्धतीचा भाग होते.

शिलाईच्या लाइनीवर किंवा गोदामात हे उतरवणे अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पर्यवेक्षकांसाठी आखलेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या : शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. तिसऱ्या पायरीवर कामगाराने ते काम करता करता त्यातील महत्त्वाच्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगायच्या असत. 'समजले का?' या प्रश्नाला आपल्याकडे, विशेषतः नवख्या कामगाराकडून, 'हो' याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. तो प्रश्नच गाळून 'आता तू काय करणार ते सांग' असे विचारायला सुपरवायझरला शिकवणे, हे माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रशिक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी अंग आहे.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेसारख्या कार्यक्रमांतून ओडिशा, झारखंड येथील तरुणी तमिळनाडू आणि कर्नाटकातील कारखान्यांत जाऊ लागल्या. त्यांच्या सुपरवायझरची भाषा तमिळ किंवा कन्नड असते. मधला व्यवहार मोडक्यातोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी चालतो. अशा मुलीला प्रशिक्षण केंद्रात शिकवलेल्या इंग्रजी स्वपरिचयाचा उपयोग फारसा होत नाही. यंत्राचे भाग, कामाचे टप्पे, 'थांबा', 'सुई तुटली', 'बरे वाटत नाही', 'पुन्हा सांगा' अशा शे-दोनशे शब्दांची आणि वाक्यांची कन्नड किंवा तमिळ शिदोरी तिला बरोबर दिली, तर पहिल्या काही आठवड्यांतील तिचा एकटेपणा आणि कारखान्याचे नुकसान दोन्ही कमी होतील. आणि ज्या लाइनीवर परभाषिक मुली अधिक आहेत, तेथील सुपरवायझरने त्यांच्या भाषेतील पन्नास शब्द शिकण्यास कमीपणा मानू नये. हा खर्च मूळ राज्याने करायचा की कामाच्या राज्याने, हे ठरलेले नसल्याने तो कोणीच करत नाही.

तक्रार ऐकणारी समिती

कामगाराचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी कायद्यानेही मालकावर टाकलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कार्य समितीची तरतूद केली होती; २०१० च्या दुरुस्तीने २० किंवा अधिक कामगारांसाठी तक्रार निवारणाची यंत्रणा आणली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत या दोन्ही तरतुदी कायम आहेत. तक्रार निवारण समितीत जास्तीत जास्त दहा सदस्य, मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधित्व आणि आस्थापनेतील स्त्रियांच्या प्रमाणात त्यांना स्थान, अशी रचना आहे. याशिवाय २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.

या समित्यांवर बसणारी माणसे उत्पादन, लेखा किंवा मनुष्यबळ विभागातून आलेली असतात. भेदरलेल्या कामगाराला बोलते कसे करावे, तिचे म्हणणे मध्येच न तोडता कसे ऐकावे, ऐकलेले तिच्याच शब्दांत कसे लिहून घ्यावे आणि वाचून दाखवून तिची संमती कशी घ्यावी, हे त्यांना शिकवले जात नाही. समिती कागदावर असते, पण तिच्यापुढे तक्रार येत नाही. आणि तक्रार आली नाही म्हणजे सर्व आलबेल आहे असा निष्कर्ष वार्षिक अहवालात काढला जातो. अर्थशास्त्रात शून्य किमतीचा व्यवहार आणि व्यवहाराचा अभाव यांत फरक केला जातो. तसा फरक येथेही करायला हवा.

हे शिक्षण देण्यासाठी नवी संस्था उभारावी लागणार नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेले कामगार शिक्षण मंडळ, जे आता दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते, देशभरातील कामगारांसाठी शिक्षणवर्ग घेते. नोइडा येथील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेकडे संशोधन आणि प्रशिक्षण या दोहोंचा अनुभव आहे. समितीच्या दहाही सदस्यांना, मालकाच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून, खऱ्या तक्रारींच्या नमुन्यांवर दोन दिवसांचा सराव देता येईल. एकाने तक्रार सांगायची, दुसऱ्याने ती ऐकून परत सांगायची आणि काय गळले ते तिसऱ्याने नोंदवायचे. दोन दिवसांचा उत्पादनाचा तोटा किती, असा प्रश्न कारखान्याचे व्यवस्थापक विचारतील. बंगळुरूतील महिलांनी वर्षभरात ८० तास वर्गात घालवले होते, आणि त्या तासांतील गमावलेले उत्पादन खर्चात धरूनच २५६ टक्क्यांचा हिशेब केलेला आहे.